शेजारची सीट

बातमी आली त्या दिवशी पारखी एका जुन्या गाडीचं दार उघडत होता, लावत होता, पुन्हा उघडत होता. दार लागतानाचा आवाज ही त्याच्या कामाची सुरुवात असे. पत्रा अस्सल असला आणि बिजागरी झिजलेली नसली तर दार जाडजूड पुस्तक मिटल्यासारखं लागतं. आत भर घालून वरून रंग फासला असेल तर तेच दार डब्याच्या झाकणासारखं वाजतं. सकाळ नेहमीसारखी गेली होती. स्वयंपाकघरातला नळ गळत होता आणि त्यावरून बायकोनं त्याला दोन शब्द सुनावले होते. "जगभरच्या गाड्यांच्या खोडी काढतोस, घरातल्या नळाला मात्र तुझ्याकडे वेळ नाही," असं म्हणत तिनं चपला घातल्या होत्या, आणि "संध्याकाळी बघतो," असं त्यानं वर्तमानपत्रातून डोकं न काढता सांगितलं होतं. दुपारी ती काम करायची त्या दवाखान्यातून फोन आला. ती गेली होती, कामावरच, खुर्चीत बसल्या बसल्या, कुणाला काही कळायच्या आत. पलीकडची बाई रडत बोलत होती. ऐकून झाल्यावर त्यानं ते दार अगदी हलक्या हातानं, मुळीच आवाज न होऊ देता लावलं. त्या दिवसातलं पुढचं त्याला फारसं आठवत नसे, पण ते दार आठवे.

त्याचं खरं नाव गाडीबाजारात फारसं कुणाला ठाऊक नव्हतं. संग्रह करणारे हौशी लोक जुन्या गाड्या घेण्याआधी त्याला बोलावत, गाडी अस्सल आहे की जोडकाम, हे तो सांगे, आणि सगळे त्याला पारखी म्हणत. मात्र या पारख्याचं एक गुपित होतं, ते फक्त त्याला आणि बायकोला माहीत होतं. त्याला बारीक, उंच आवाज ऐकू येत नसत. बायको कानाच्या दवाखान्यात श्रवणचाचण्या घेई. लग्नानंतर पहिल्याच वर्षी तिनं गंमत म्हणून त्याला त्या बंद खोलीत बसवलं, कानांवर यंत्र चढवलं आणि सांगितलं, ऐकू आलं की टेबलावर बोटानं ठोकायचं. तो ठोकत राहिला. बाहेर आल्यावर ती हसत सुटली होती. "मधे मधे मी काहीच वाजवत नाही, मुद्दाम. तिथेही तू ठोकलंस. आणि जिथे मी खरंच वाजवलं तिथे ढिम्म!" मग तिचं हसू थांबलं, कारण या माणसाचं पोट कानांवर चालतं हे तिच्या लक्षात आलं.

तेव्हापासून प्रत्येक गाडीच्या चाचणीला ती शेजारच्या सीटवर असे. लोकांना वाटे, काय प्रेम आहे, बायकोला गाड्यांतून फिरवतो. ती मांडीवर पर्स घेऊन निवांत बसलेली दिसे. इंजिनात कुठे काही वेगळं ऐकू आलं की ती समोरच्या फळीवर अंगठीच्या बोटानं ठोका देई. टक. त्याच्या लक्षात आलं तर ठीक, नाही आलं तर थोडं थांबून आणखी दोन. टक-टक. तोंडानं ती काही बोलत नसे, कारण मागे बऱ्याचदा गाडीचा मालक अंग चोरून बसलेला असे. शहराबाहेर एका बंद कारखान्याची लांबच लांब भिंत होती, तिच्या कडेनं ते गाडी नेत. भिंतीवर आपटून इंजिनाचा आवाज परत येतो आणि आत दडलेलं सगळं उघडं पडतं. तिथे पोचलं की ती खिडकीची काच खाली करी, आणि तो तिच्या बोटाकडे लक्ष ठेवून गाडी चालवी. इतक्या वर्षांत तिचा एकही ठोका वाया गेला नव्हता.

ती गेल्यावर त्यानं काम घेणं बंद केलं. विचारायला येणाऱ्यांना तो पाठीचं दुखणं सांगे. नळ गळतच होता. तो दुरुस्त करायला त्याचा हात धजत नव्हता.

घड्याळवाले मात्र ऐकणाऱ्यांतले नव्हते. आयुष्यभर घड्याळांचा धंदा केलेला, आता धंदा मुलांवर सोपवून जुन्या गाड्या जमवणारा हा म्हातारा एका सकाळी थेट घरी येऊन बसला.

"पाठ दुखते म्हणे. बसून बसून आणखी दुखेल. दोनच गाड्या आहेत, पारखी. दोन्ही एकाच माणसाच्या. तो वारला, भाच्याला त्यातलं काही कळत नाही. एक जर्मन, एक इटालियन. माझ्या शेडमध्ये जागा एकीलाच आहे. दुसरी बोटीनं परदेशात जाणार, गिऱ्हाईक ठरलेलं आहे."

"तुम्हाला कुठली हवीय?"

"मला दोन्ही हव्यात. तीच तर पंचाईत आहे. घरात आधीच मला म्हणतात, माणसांपेक्षा गाड्यांना जास्त पुसता." म्हाताऱ्यानं खुर्ची पुढे ओढली. "तू सांगशील ती ठेवीन. तुझ्यावर सोडतो म्हणजे सोडतो."

नाही म्हणायला तोंड उघडलं आणि तोंडून हो आलं. कदाचित बोलता बोलता म्हाताऱ्यानं सांगितलेली त्या दोन गाड्यांची नावं ऐकून. त्यानं आयुष्यात दोन्ही स्वतंत्रपणे पाहिल्या होत्या, पण शेजारी शेजारी उभ्या अशा कधीच नाहीत.

शेडमध्ये त्या उभ्या होत्या तशा पाहताना, कितीतरी दिवसांत पहिल्यांदा, त्याला कुतूहल वाटलं. इटालियन लाल, जमिनीला चिकटलेली, इंजिन चालकाच्या पाठीमागे लगेच, जणू कुणी पाठुंगळीला घेतलंय. तिच्याकडे बघितलं की बघतच राहावं. जर्मन करड्या रंगाची, पाठ गोल, इंजिन पार शेपटीत, आणि त्याला थंड करायला पाणी नाही, नुसता वारा. तिच्याकडे बघून फारसं काही वाटत नाही. आत बसलं की मात्र सगळं हाताला येईल असं मांडलेलं. दोघींच्या इंजिनावरचे क्रमांक कागदांशी जुळत होते. दारं पुस्तकासारखी लागत होती. इटालियनच्या दाराखाली गंजाचा एक ठिपका, जर्मनच्या सीटची शिवण एका जागी उसवलेली; एवढंच.

"खोट नाही सापडली तर तुमचं पोट दुखेल साहेब," मिस्त्री म्हणाला. हा घड्याळवाल्यांचा पगारी माणूस, सतत बोलणारा, गाडीखाली पडूनसुद्धा बोलणारा. "घ्या, फिरवून आणा. मी येऊ का बरोबर?"

"नको. पहिल्यांदा एकटा जातो."

आधी त्यानं इटालियन नेली. थंड असेपर्यंत तिचा दुसरा गिअर पडत नाही, हे या जातीचं जगजाहीर नखरेल वागणं. त्यानं पहिल्यावरून सरळ तिसरा टाकला, तेल तापू दिलं, आणि मग भिंतीच्या रस्त्याला लागल्यावर ती अशी गायला लागली, की त्यानं स्वतःशीच मान डोलावली. गाताना बारीक सूर कुठले लागत होते, ते त्याला अर्थातच कळलं नाही. शेजारच्या सीटकडे त्यानं बघितलं नाही.

मग जर्मन. ही गात नव्हती, खाली मान घालून काम करत होती. पाण्याच्या टाकीजवळच्या वळणावर तो जरा जपून होता, कारण या गाडीत वळणाच्या मध्यावर पाय काढला की शेपूट पुढे यायला बघतं. वळण सुटलं, भिंत सुरू झाली, त्यानं तिसऱ्या गिअरमध्ये जोर दिला.

टक.

त्यानं पाय काढला नाही. भिंत अजून बरीच होती.

थोडं थांबून, टक-टक.

भिंत संपल्यावर त्यानं गाडी कडेला घेतली आणि इंजिन बंद करून बसून राहिला. मग पारखी असल्यासारखा वागला. समोरचा खण उघडून रिकामा केला. राखदाणी काढून मागे ठेवली. दाराच्या कप्प्यात, सीटखाली, जिथे जिथे काही हलू शकेल तिथे रुमाल, फडकं, जे होतं ते कोंबलं. गाडी वळवून पुन्हा टाकीपासून निघाला. तिसरा गिअर, तोच जोर, तीच भिंत.

टक. मग टक-टक.

घाबरायला हवं होतं, पण त्याला भीती वाटली नाही. वाटली ती उत्सुकता, तीही धंद्यातली: आवाज कुठून येतो? त्यानं पुन्हा गाडी वळवली. या वेळी एक हात चाकावर ठेवून दुसरा त्यानं शेजारच्या सीटसमोरच्या फळीवर पसरला, बरोबर जिथून आवाज येत होता तिथे. फळीत काही सैल असेल तर तळव्याला कळेलच. ठोका आला. तळव्याखाली तो आला नाही. बोटांच्या जरा पलीकडे, त्याचा हात टाळून, आला.

दुसऱ्या दिवशी त्यानं मिस्त्रीला शेजारी बसवलं. मिस्त्री सगळी भिंतभर स्वतःच्या साडूच्या भांडणाची हकिकत सांगत होता. "गप जरा," पारखी म्हणाला. मिस्त्री गप्प बसला, आणि ते त्याला किती जड जातंय हे त्याच्या चेहऱ्यावर दिसत होतं. ठोका आला नाही. परतताना नाही, पुन्हा जाताना नाही. मिस्त्रीला शेडपाशी उतरवून तो एकटा गेला तेव्हा भिंत सुरू होते न होते तोच, टक.

त्यानं तिच्याच पद्धतीनं चाचणी घ्यायची ठरवली. कधी जोर दिला, कधी दिला नाही. कधी इंजिन बंद करून उतारावरून गाडी नुसती सोडली. नुसतं फसवायला म्हणून एकदा त्यानं मधेच विनाकारण शेजारी पाहिलं आणि "काय?" असंही विचारलं. तिथे काही नाही. इंजिन ठराविक वेगानं फिरायला लागलं की मात्र हमखास. मुद्दाम रिकाम्या सोडलेल्या जागी एकदाही नाही.

जी कुणी ठोकत होती, तिला खरंच काहीतरी ऐकू येत होतं.

त्या संध्याकाळी घड्याळवाल्यांनी शेडमध्ये खुर्ची टाकून दोघींच्या मधे बसकण मारली होती.

"मग? कुणाचं पारडं जड?"

"लाल गाडी लोक बघायला येतील," पारखी म्हणाला. "करडी तुम्ही स्वतः चालवाल. लाल रुसली तर महिनाभर रुसेल, तिचे सुटे भाग शोधण्यात केस पांढरे होतील."

"ते झालेलेच आहेत."

"करडी रोज चालेल."

"म्हणजे करडी! माझं मनही तेच सांगत होतं. तुला हवी तेव्हा येऊन फिरवून आण. तुझीच समज."

आता फक्त हो म्हणायचं होतं. जर्मन इथे राहणार, शेड चालत जाण्याच्या अंतरावर, किल्ली मागितली की मिळणार. एक शब्द, आणि त्या ठोक्यांकडे कानाडोळा. तो घरी जाऊन अंधारलेल्या स्वयंपाकघरात नळाचं टपटपणं ऐकत बसला. ती तीन वेळा ठोकायची ती उगीच नाही. ती ठोकत असताना तो दुर्लक्ष करतो आहे, असं पूर्वी कधी झालं असतं, तर तिनं घरी येऊन त्याची चांगली हजेरी घेतली असती. आणि समजा तिचं बरोबर असेल, तर हो म्हणणं म्हणजे म्हाताऱ्याला बिघडलेल्या गाडीत बसवून देण्यासारखं होतं. पण खरं सांगायचं तर त्याला झोप येऊ दिली नाही ती या विचारानं नव्हे. तिचं बरोबर आहे का, हे त्याला जाणून घ्यायचं होतं.

सकाळी त्यानं मिस्त्रीला इंजिनाचं झाकण उघडायला सांगितलं.

"कशासाठी साहेब? शिवण्यासारखं काही नाही त्यात. चांगली लोण्यासारखी पळतेय."

"साखळ्या बघ. आतल्या. ताणून धरणारे भाग. या जातीत तेच आधी जातात."

"तुम्ही सांगता म्हणून." मिस्त्री कुरकुरत कामाला लागला, आणि बऱ्याच वेळानं एकदम कुरकुरायचा थांबला. तो शांत झालेला बघूनच पारखी समजला. साखळीला ताणून धरणारा तुकडा तळाशी चिरला होता. अजून थोडं अंतर, कधीतरी वेगात असताना, तो तुटला असता, साखळीनं दात सोडले असते आणि सगळं इंजिन आतल्या आत फुटलं असतं.

"हे ऐकू येण्यातलं नाही," मिस्त्री तुकडा उजेडाकडे धरून म्हणाला. "मी बसलो होतो ना तुमच्या शेजारी. बारीक शिट्टीसुद्धा नव्हती म्हणता येणार. हे कान आहेत की यंत्र हो तुमचे!"

पारख्यानं नवा भाग मागवायला सांगितला.

नवा भाग बसवला. त्या दिवशी तो पुन्हा जर्मन घेऊन निघाला, टाकी, वळण, भिंत. तिसरा गिअर. जोर. भिंतीवर आपटून इंजिनाचा आवाज परत आला, स्वच्छ, भरीव, आणि त्याच्यात दुसरं काहीही नव्हतं. तो परत वळला. पुन्हा काही नाही. रस्त्यावर कुणी बघत असतं तर त्यांना वाटलं असतं, हा माणूस या भिंतीपाशी काही हरवून बसला आहे. गाडीत आता काहीच बिघडलेलं नव्हतं, आणि म्हणून शेजारची सीट नुसती सीट होती.

तो शेडमध्ये आला आणि जे कधी केलं नव्हतं ते त्यानं केलं. इटालियन काढली, तिला तापूही दिलं नाही, आणि थंडच असताना दुसरा गिअर जोर करून टाकला. दातांवर दात घासले. मिस्त्री लांबून ओरडला, "अहो साहेब!" पारख्यानं मान खाली घातली. शेजारून काही आलं नाही. लाल गाडीला आत काही झालेलं नव्हतं, तिच्यावर नुसता अत्याचार झाला होता, आणि त्याची तक्रार करायला तिथे कुणी नव्हतं.

त्यानं घड्याळवाल्यांना सगळं सांगितलं, म्हणजे चिरलेल्या तुकड्याचं सांगितलं. दुरुस्तीनंतर करडी निर्धोक आहे, हेही सांगितलं. "तुझ्या बायकोच्या माघारी कान आणखी तिखट झाले रे तुझे," म्हातारा म्हणाला, आणि आपण भलतंच बोललो असं वाटून त्यानं गाडीच्या टपावरून उगीच हात फिरवला. करडी राहिली. लाल गाडी आठवड्यानं बोटीवर चढली.

त्या दिवशी बंदरावरून परतताना पारखी आपल्या रोजच्या गाडीनं आला. ही साधी, कुणी पुन्हा वळून बघणार नाही अशी, बायको बाजारहाटाला न्यायची ती. इमारतीखाली नेहमीच्या जागी लावली. फोन वाजला. मुलगी होती, तिचा फोन रोज याच वेळेला येई.

"बाबा, वर पोचलात?"

"खालीच आहे."

"परवा जिन्यावर थांबला होतात म्हणे. शेजारच्या काकू सांगत होत्या."

"किल्ली शोधत होतो."

"किल्ली जिन्याच्या मधे शोधतात का? बाबा, मला चिडायला लावू नका. डॉक्टरांचा नंबर मी पाठवलाय. ते ओळखीचे आहेत, नुसता एक फोन करा, लगेच बोलावतील. आई असती तर ओढून नेलं असतं."

"करतो. उद्या करतो."

फोन ठेवून तो तसाच बसला. किल्ली काढून मांडीवर ठेवलेली होती. बाहेर अजून उजेड होता, कुणाची तरी सायकल लावल्याचा आवाज झाला.

टक.

गार होणारं इंजिन असा आवाज करतं, हे त्याच्याइतकं कुणाला ठाऊक? तो उतरला. गाडीचं नाक हाताला थंड लागेपर्यंत तिच्याभोवती फिरत राहिला. येणाऱ्याजाणाऱ्यांना "काही नाही, जरा पाय मोकळे करतोय," असं सांगितलं. मग पुन्हा आत बसला, खिडक्या लावल्या, श्वास सावकाश घेतला.

टक. मग थोडं थांबून, त्याला कळलं नसावं म्हणून, टक-टक.

इंजिन बंद होतं. पंखा बंद होता. घड्याळ त्या गाडीत कधीच चालत नसे. गाडीत चालू असलेलं असं काही शोधत त्याची नजर समोरच्या फळीवरून, पायाशी, मागच्या सीटवर फिरली, आणि मग त्यानं हळूच उजवा हात शर्टाच्या खिशावर, छातीच्या डाव्या बाजूला ठेवला.

त्या दिवसापासून वर जाण्याआधी तो रोज संध्याकाळी थोडा वेळ गाडीत बसतो. काकूंना वाटतं, घर खायला उठतं बिचाऱ्याला. हल्ली त्याला फार वेळ थांबावं लागत नाही. दार लावलं, किल्ली काढली की लगेच शेजारून सुरू होतं, आणि पूर्वी दोन ठोक्यांमध्ये असायचं तेवढं अंतरही आता राहिलेलं नाही. वरचा नळ त्यानं गेल्या रविवारी दुरुस्त केला.

डॉक्टरांना फोन त्यानं अजून केलेला नाही.